वाचक विचारतात : नॉकनरेचा माथा आणि त्यावरची रास

आयर्लंडच्या वायव्य किनाऱ्यावर, स्लायगो शहराच्या पश्चिमेला नॉकनरे नावाची एक टेकडी आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांकडे जाणारे आईवडील आणि तिकडे शिकणारे विद्यार्थी यांच्याकडून या टेकडीविषयी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना या वेळी उत्तरे देत आहे.

प्रश्न : माझी मुलगी नोकरीनिमित्त डब्लिनला असते. येत्या जूनमध्ये आम्ही उभयता महिनाभर तिच्याकडे जाणार आहोत. ती आम्हाला स्लायगोला नेऊन नॉकनरेची टेकडी चढवणार म्हणते. टेकडीची उंची अवघी ३२७ मीटर आहे, असे ती सांगते. माझे वय बासष्ट आहे, पर्वती नेहमी चढते, सिंहगड मात्र आता होत नाही. गुडघे चढताना साथ देतात, उतरताना कुरकुरतात. एवढ्याशा टेकडीसाठी देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाण्यात अर्थ आहे का आणि मला ती झेपेल का? (एक वाचक भगिनी, पुणे)

उत्तर : सप्रेम नमस्कार. ती आपल्याला झेपेल, आणि तिथे अवश्य जावे, असेच मी सांगेन. मात्र उंचीचा आकडा पाहून मनात जे चित्र उभे राहते, ते आधी थोडे दुरुस्त करून घ्यायला हवे. आपल्याकडे डोंगराची उंची समुद्रसपाटीपासून सांगतात आणि पायथ्याचे गावच मुळात बऱ्याच उंचीवर असते, त्यामुळे १६४६ मीटरचे कळसूबाईसुद्धा प्रत्यक्षात तेवढे चढावे लागत नाही. नॉकनरेच्या पायथ्याला अटलांटिक महासागर आहे. पश्चिमेकडील स्ट्रँडहिल गावातल्या पुळणीवर उभे राहिले, की ३२७ मीटरची टेकडी जवळजवळ सगळीच्या सगळी डोळ्यांसमोर उभी असते, आणि म्हणूनच ती आकड्यापेक्षा पुष्कळ मोठी वाटते.

चढण्याच्या वाटा मुख्यतः दोन आहेत. ग्लेन रोडवरील वाहनतळापासून निघणारी वाट जुनी आणि जवळची आहे. वाहनतळच टेकडीच्या अंगावर बराच वर असल्यामुळे तिथून साधारण दोनशे मीटरच्या आसपासचा चढ उरतो, म्हणजे पर्वतीपेक्षा बराच अधिक आणि सिंहगडाच्या पायवाटेपेक्षा खूपच कमी. दुसरी वाट स्ट्रँडहिलच्या रग्बी क्लबजवळून, लावलेल्या सूचिपर्णी झाडांच्या जंगलातून आणि पुढे लाकडी फळ्यांच्या पायऱ्यांवरून वर जाते. ती देखणी आहे, परंतु लांब आहे आणि पायऱ्यांचा उतार गुडघ्यांना सर्वांत जास्त त्रास देतो. आपण ग्लेन रोडनेच चढावे आणि ग्लेन रोडनेच उतरावे. रमतगमत गेलात तर वर पोहोचायला पाऊण तास ते तास लागेल. उतरायलाही तेवढाच वेळ हाताशी ठेवावा, कारण उतरताना घाई करण्याचे आपल्याला काहीच कारण नाही.

वाट खडीची आणि दगडांची आहे. हा सगळा डोंगर चुनखडीचा, आणि ओली चुनखडी, विशेषतः हजारो पायांनी घासून गुळगुळीत झालेली, फरशीवर साबणाचे पाणी सांडल्यासारखी निसरडी होते. म्हणून बुटांचे तळ खोल खाचांचे हवेत. चालण्याच्या दोन काठ्या घेतल्यास उतरताना गुडघ्यांवरचा भार खांद्यांवर विभागला जातो. मुलीकडे नसतील तर विकत घ्याव्यात, त्या खर्चाचा आपल्याला पश्चात्ताप होणार नाही.

खरी परीक्षा चढाची नसून वाऱ्याची असते, आणि पुण्याहून जाणाऱ्यांना नेमकी हीच गोष्ट कुणी सांगत नाही. टेकडीच्या पश्चिमेला मोकळ्या समुद्राखेरीज काही नाही. खाली वाहनतळावर नुसता स्वेटर पुरेसा वाटतो आणि पठारावर पाऊल ठेवताच वारा असा अंगावर येतो, की शेजारच्या माणसाशी ओरडून बोलावे लागते. जूनमध्येही वारा अडवणारे, पाणी न शिरणारे जाकीट आणि कानटोपी पिशवीत असावी. छत्री मुलीच्या घरीच ठेवावी. साडी नेसून जाण्याचा विचार असेल तर तो मी आदरपूर्वक बदलायला सांगेन. पंजाबी ड्रेस किंवा पँट बरी पडते, आणि ओढणी घेतलीत तर ती जाकिटाच्या आत असू द्यावी. वर पाण्याची, स्वच्छतागृहाची किंवा आडोशाची कोणतीही सोय नाही. माथा ढगात बुडालेला असेल तर त्या दिवशी स्ट्रँडहिलच्या किनाऱ्यावर फिरावे आणि चढ दुसऱ्या दिवसावर ढकलावा. तिथली हवा तासातासाला पालटते, त्यामुळे शक्यतो एक मुक्काम हाताशी ठेवूनच निघावे.

आता अर्थ आहे का, या आपल्या प्रश्नाविषयी. वाहनतळाकडे येताना माथ्यावरची दगडांची प्रचंड रास दुरूनच दिसत असते. चढ सुरू झाला, की डोंगराच्या फुगवट्याआड ती नाहीशी होते आणि बराच वेळ समोर केवळ वाट, गवत आणि आकाश उरते. मग चढ अचानक सौम्य होतो, पठार लागते, आणि ती रास एकदम इतक्या जवळ, इतकी मोठी समोर येते, की पहिल्या वेळी मी बोलता बोलता थांबलो होतो. पाठ वळवली की उत्तरेला खाडीपलीकडे बेनबुल्बिनचा ५२६ मीटरचा सपाट माथ्याचा, कडेने सुरकुत्या पडलेला डोंगर, दक्षिणेला बॅलिसडेअरचा उपसागर आणि त्याच्या पलीकडे ऑक्स डोंगरांची रांग. हवा अगदी स्वच्छ असेल तर नैऋत्येला मेयो काउंटीतील क्रोग पॅट्रिकचा त्रिकोणही दिसतो. एवढ्या थोड्या चढात एवढे मोठे क्षितिज देणारी दुसरी जागा निदान माझ्या पाहण्यात नाही.

प्रश्न : मी डब्लिनमध्ये शिकतो. डिसेंबरच्या सुट्टीत गाडी भाड्याने न घेता, एका दिवसात नॉकनरे करून परत येता येईल का? (एक विद्यार्थी)

उत्तर : डिसेंबरमध्ये येणार नाही, आणि तसा प्रयत्नही करू नये. डब्लिनच्या कॉनली स्थानकातून स्लायगोला रेल्वेने साधारण तीन तास लागतात. तिथून स्ट्रँडहिलची बस घ्यायची, आणि मग रग्बी क्लबजवळच्या लांब वाटेनेच चढायचे, कारण बसने येणाऱ्याला तीच वाट जवळ पडते. डिसेंबरच्या उत्तरार्धात स्लायगोला सूर्य सव्वाचारच्या सुमारास मावळतो आणि ढगाळ दिवशी त्याच्या आधीच अंधारून येते. म्हणजे उतरताना आपण जंगलातल्या ओल्या फळ्यांवर काळोखात असाल. स्लायगोला रात्री मुक्काम करून सकाळी उजाडल्यावर निघावे. जूनमध्ये मात्र दहा वाजून गेल्यावरही उजेड असतो, तेव्हा हा बेत एका दिवसात आरामात जमतो. कपाळावर बांधायचा दिवा, भारित मोबाइल आणि ११२ हा आपत्कालीन क्रमांक कोणत्याही ऋतूत जवळ असावा. पाय मुरगळला आणि उतरणे अशक्य झाले, तर त्या क्रमांकावर पर्वतीय बचाव पथकाची मागणी करायची असते.

प्रश्न : आम्ही आठ जण नॉकनरेला गेलो होतो. माथ्यावरच्या दगडांच्या ढिगावर चढून छायाचित्र काढत असताना तिथल्या एका वयस्क गृहस्थांनी आम्हाला खाली उतरायला सांगितले. ते रागावले नव्हते, पण दुखावलेले दिसले. ढिगावर चढल्याशिवाय शिखर गाठले असे कसे म्हणायचे? आपल्याकडे आपण गडाच्या बालेकिल्ल्यापर्यंत जातोच की. आणि तिथे मेव्ह नावाच्या राणीची कबर आहे, असे म्हणतात, ते खरे आहे का? (एक वाचक, डब्लिन)

उत्तर : आपण हा प्रश्न मनापासून विचारला आहे, म्हणून थोडे सविस्तर उत्तर देतो.

ज्याला आपण ढीग म्हणता, तो डोंगराचा भाग नाही. तो माणसांनी रचला आहे. त्याची रुंदी सुमारे ५५ मीटर आणि उंची सुमारे १० मीटर आहे. इसवी सनापूर्वी ३००० च्या सुमारास, म्हणजे आजपासून पाच हजार वर्षांपूर्वी, या भागात शेती आणि गुरे पाळणाऱ्या लोकांनी तो उभारला, असे मानले जाते. धातूची हत्यारे तेव्हा तिथे नव्हती. दगडांच्या राशीखाली मोठ्या शिळांचा अरुंद मार्ग आणि त्याच्या टोकाला दफनाची खोली, अशा प्रकारच्या कबरी आयर्लंडमध्ये अनेक आहेत. बॉइन नदीकाठची न्यूग्रेंज ही त्यांतली सर्वांत प्रसिद्ध. नॉकनरेच्या राशीखालीही तशीच खोली असावी, असे अभ्यासकांना वाटते. परंतु ही रास कधीही शास्त्रीय पद्धतीने उत्खनन करून पाहिलेली नाही. तिच्या पोटात जे आहे ते अजून जसेच्या तसे असण्याची शक्यता आहे, आणि तिचे सर्वांत मोठे मोल त्यातच आहे.

राणी मेव्हविषयी सांगायचे तर राशीचे आयरिश नावच मिस्कॉन मेव्ह असे आहे. मेव्ह ही कॉनॉट प्रांताची राणी, एका नामांकित बैलासाठी अल्स्टरवर स्वारी करणारी, जुन्या आयरिश कथांमधली अतिशय ठसठशीत व्यक्तिरेखा. शत्रूच्या दिशेने, म्हणजे अल्स्टरकडे तोंड करून, हातात शस्त्र घेऊन तिला इथे उभी पुरली आहे, अशी लोककथा आहे. पण तिच्या कथा इसवी सनाच्या आरंभाच्या आसपासचा काळ कल्पून सांगितल्या जातात, आणि रास त्याहून सुमारे तीन हजार वर्षे जुनी आहे. तिची राजधानी म्हणून ओळखले जाणारे रॅथक्रोहन हे ठिकाण रॉसकॉमन काउंटीत आहे आणि तीही तिथेच पुरली आहे, असे सांगणारे लोक आहेत. तेव्हा इतिहास म्हणून ही गोष्ट टिकत नाही. तरीसुद्धा तिला खोटी म्हणून बाजूला सारावी, असे मला वाटत नाही. आपल्याकडे डोंगरातल्या लेण्यांना लोक पांडवलेणी म्हणतात, तशीच ही गोष्ट आहे : कर्ते विसरले गेले तरी जागेचे मोठेपण लोकांनी ओळखले आणि आपल्याला ठाऊक असलेले सर्वांत मोठे नाव तिला दिले.

आता चढण्याविषयी. या राशीत चुना नाही, माती नाही, कोणतेही बांधकाम नाही. मुठीएवढ्यापासून डोक्याएवढ्यापर्यंतचे चुनखडीचे दगड एकमेकांच्या आधाराने राहिले आहेत, एवढेच. मी दुसऱ्यांदा गेलो तेव्हा तिच्या पायाशी बसून डबा खात होतो. समोरचे दगड पांढुरक्या-करड्या दगडफुलाने माखलेले होते आणि त्यांच्यामधल्या फटींतून वारा शिरताना बारीक शीळ ऐकू येत होती. वरून एक तरुण उतरत आला. त्याच्या टाचेखालचा एक दगड निसटला, त्याच्यामागून आणखी पाच-सहा घरंगळले आणि माझ्या बुटापाशी येऊन थांबले. त्यांच्या उघड्या पडलेल्या बाजू स्वच्छ, फिकट होत्या, कारण त्या बाजूंना आजवर ऊनपाऊस लागलेला नव्हता. त्या तरुणाने मागे वळूनही पाहिले नाही, आणि त्याच्या मनात काही वाईट होते, असेही नाही. पण असे दिवसाला कित्येक जण चढतात. त्यांच्या पावलांनी राशीच्या अंगावर घळी पडतात, माथा खचतो, दगड खाली सरकत राहतात आणि आतल्या शिळांवरचा भार बदलतो. म्हणून चढू नये, अशी सूचना तिथे लावलेली आहे. ते वयस्क गृहस्थ हेच सांगत होते.

आणखी एक गोष्ट, जी बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. मोठ्या राशीच्या उत्तरेला आणि दक्षिणेला त्याच पठारावर लहान कबरींचे अवशेष आहेत. ते जमिनीसरशी झालेले, गवतातून डोकावणारे चार दगड एवढेच दिसतात. डोंगराच्या अंगावर पुरातत्त्वज्ञांना त्या काळच्या झोपड्यांच्या जागा आणि चर्ट नावाच्या गारगोटीसारख्या दगडाची हत्यारेही सापडली आहेत. २०१३ मध्ये डोंगरातील एका अवघड, अरुंद गुहेत मानवी हाडांचे लहान लहान तुकडे मिळाले. ते एका प्रौढ व्यक्तीचे आणि एका लहान मुलाचे असून त्यांतील जुने अवशेष सुमारे साडेपाच हजार वर्षांपूर्वीचे ठरले. म्हणजे माथा, उतार आणि गुहा मिळून ही सारी टेकडीच त्या लोकांची होती. गवतात दगड मांडून स्वतःची नावे लिहिलेली मी तिथे पाहिली आहेत. त्या अक्षरांतले दगड बहुधा या लहान कबरींतूनच उचललेले असतात, आणि एकदा हलवलेला दगड मूळचा कुठला, हे नंतर कुणालाही सांगता येत नाही. खालून एक दगड नेऊन राशीवर ठेवला तर भाग्य उजळते, अशी एक प्रथाही सांगितली जाते. माझ्या मते तीसुद्धा टाळावी, कारण नव्या-जुन्याची सरमिसळ पुढच्या अभ्यासकाला निस्तरावी लागते. या भागातील कबरींचा संपूर्ण परिसर २०२२ मध्ये जागतिक वारसास्थळांसाठीच्या आयर्लंडच्या संभाव्य यादीत घेण्यात आला आहे. तेव्हा येणाऱ्यांची संख्या वाढतच जाईल, हे उघड आहे.

शिखर गाठले असे कसे म्हणायचे, हे आपण विचारलेत. डोंगराचे शिखर ते पठार आहे आणि तिथे आपण पोहोचलेला असता. त्यावरचे दहा मीटर कबरीचे आहेत. बालेकिल्ल्यावर आपण जातो, कारण तो जाण्यासाठीच बांधला होता. त्याच गडावर एखादी समाधी असली, तर तिच्या चौथऱ्यावर उभे राहून आपण छायाचित्र काढत नाही, चपला काढून बाजूला उभे राहतो. इथेही तेच करावे. राशीला प्रदक्षिणा घालावी. तिचा परीघ पावणेदोनशे मीटरच्या आत-बाहेर आहे, सावकाश चालले तर चार-पाच मिनिटे लागतात. पश्चिमेच्या बाजूला वारा अंगावर घेत समुद्र दिसतो, पूर्वेच्या बाजूला तीच रास वारा अडवते आणि आपण एकदम शांततेत येतो. पाच हजार वर्षांपूर्वी ती रचणाऱ्यांनाही काम करताना हा आडोसा मिळाला असेल, असे मला दर वेळी वाटते. पुढच्या वेळी आपले आठही जण राशीसमोर, गवतावर उभे राहा. छायाचित्रात रास मागे पूर्ण दिसेल आणि तिचा आकारही कळेल, जो वर उभे राहून कधीच कळत नाही.

जाता जाता एक सूचना. आयर्लंडमध्ये डोंगरावर कुठूनही हिंडण्याचा सार्वत्रिक हक्क नाही. पुष्कळशी जमीन खासगी आहे आणि शेतकऱ्यांच्या संमतीवर वाटा चालू आहेत. फाटक जसे सापडले तसेच लावावे, मेंढ्यांच्या मागे लागू नये आणि मळलेली वाट सोडू नये.

प्रश्न : माझ्या सासूबाई ऐंशीच्या आहेत आणि वॉकर घेऊन चालतात. आम्ही सगळे नॉकनरेवर जाऊ तेव्हा त्यांना हॉटेलात एकटे सोडायला नको वाटते. त्यांच्यासाठी काही करता येईल का? (एक वाचक भगिनी, ठाणे)

उत्तर : त्यांना कॅरोमोरला न्यावे. नॉकनरेच्या पूर्वेला, मोटारीने अगदी थोड्या अंतरावर, सखल कुरणांमध्ये त्याच काळातल्या दगडी कबरींचा मोठा समूह आहे. आज त्यांतल्या सुमारे तीस शिल्लक आहेत आणि त्यांची देखभाल सरकारी खाते करते. माहिती केंद्र वर्षभर उघडे नसते, म्हणून तारखा आधी पाहून घ्याव्यात. सगळ्या कबरींपर्यंत वॉकर जाणार नाही, कारण कुरण खडबडीत आहे आणि पावसानंतर मऊ होते. परंतु रस्त्याच्या जवळच्या कबरी त्यांना नीट पाहता येतील. शिळांची वर्तुळे, त्यांच्या मध्यभागी तीन-चार उभ्या दगडांवर तोललेला एक आडवा दगड, आणि आजूबाजूला चरणारी गुरे.

आपण कुणीतरी त्यांच्यासोबत थांबावे आणि बाकीच्यांनी वर जावे. कॅरोमोरच्या कुरणातून पश्चिमेकडे पाहिले, की नॉकनरेचा लांबट माथा आणि त्यावरची रास आकाशरेषेवर स्पष्ट दिसते. खालच्या बऱ्याच कबरींपाशी उभे राहिले तरी ती नजरेआड होत नाही. सासूबाईंना एखादी दुर्बीण द्यावी. हवा स्वच्छ असेल आणि आपण भडक रंगाचे जाकीट घातले असेल, तर राशीभोवती प्रदक्षिणा घालणारे ठिपके त्यांना मोजता येतील.